शेवटची दोन टिंबं

२४ एप्रिल १९७४, बुधवार

आज माझ्या ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह गेला, आणि चूक माझीच. रात्रीच्या वाऱ्यानं एरियलची तार सुटून कौलांवर पडली होती. ती न बघताच सकाळी पावणेसातला बसलो, मोर्सची की दाबली आणि दाबूनच धरली. ८०७ नंबरच्या त्या व्हॉल्व्हची आतली प्लेट लाल झाली, मग नारिंगी, मग काचेत एक निळी चमक, आणि कारभार आटोपला. आतून विमल, माझी बायको, म्हणाली, "जळल्याचा वास येऊन राह्यला." म्हटलं, "अक्कल जळाली."

सरकारी लॉगबुकात वेळ, सिग्नल आणि उत्तर एवढेच रकाने असतात. मनातलं लिहायला रकाना नाही. म्हणून ही वही.

मंगरूळपीरच्या पोस्टात मी तारबाबू. दिवसभर पगारासाठी कट्ट-कडकट्ट करतो, आणि लायसन काढून घरी हौसेनं पुन्हा तेच, बिनतारी. विमलच्या मते हे म्हणजे हलवायानं घरी येऊन जिलब्या तळणं. रोज सकाळी आमची तिघांची बैठक असते. मेळघाटात धारणीच्या पुढं गोविंदसिंग, फौजेतले निवृत्त सिग्नल हवालदार. नागपुरात एक प्राध्यापक. मधे मी. गोविंदसिंगांचा सेट मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, आवाज बारीक. नागपूरला ते ऐकूच जात नाहीत, मला जातात. मग ते म्हणतील ते मी पुन्हा हवेत सोडायचं आणि प्राध्यापकांचं उलट त्यांना द्यायचं. असं ऐकलेलं पुन्हा सोडणाऱ्याला आमच्यात रिपीटर म्हणतात. परदेशात म्हणे त्यासाठी डोंगरावर यंत्रं बसवतात. इकडं देवमन खंडारे बसवलेला आहे.

चार वर्षं रोज बोलतो. तोंड पाहिलेलं नाही.

आज सकाळी गोविंदसिंग बोलावत राहिले. मी ऐकत राहिलो. ऐकण्याचा सेट ठणठणीत आहे, तोंडच तेवढं गेलं.

२६ एप्रिल, शुक्रवार

एस. टी. स्टँडजवळच्या रऊफकडे गेलो. रेडिओ दुरुस्तीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. जळका व्हॉल्व्ह त्यानं उजेडात धरला, हलवला, आतला खुळखुळ ऐकला. "देवमनभाऊ, हा तर जन्नतमध्ये गेला. अन् हा काही वांग्यासारखा बाजारात भेटत नाई."

मुंबईच्या लष्करी भंगाराच्या एका दुकानाला त्यानं पत्र टाकलं. रेल्वे पार्सलानं येईल, पंधरा दिवस धरा म्हणाला.

गोविंदसिंगांना मी कार्ड टाकलं, की व्हॉल्व्ह गेलाय, बोलता येत नाही, पण रोज ऐकतो आहे. त्यांच्या गावाला तार जात नाही, टपालही धारणीहून कोणाच्या तरी सायकलीवर जातं. तारबाबूनं कार्ड लिहावं, हेही बघायचं होतं.

३० एप्रिल, मंगळवार

प्राध्यापक कॉलेजला सुट्टी लागताच कोकणात गेले. जून उजाडल्यावर येतील. म्हणजे सकाळी पावणेसातला आता एकटे गोविंदसिंग.

कार्ड पोचलं. आज त्यांनी पाठवलं: "कार्ड मिला. सुन रहे हो. अच्छा." मग हवा सांगितली, बॅटरी सांगितली (ती आटाचक्कीवर चार्ज करून आणतात), आणि शेवटी दोन टिंबं.

ही दोन टिंबं आमच्या धंद्यातली रामराम-सलाम. सगळं बोलून झालं की एकानं दोन टिंबं द्यायची, दुसऱ्यानं दोन परत करायची, मग सेट बंद. बाकीचे हे गमतीनं करतात. गोविंदसिंगांना त्यात गंमत चालत नाही. पहिल्याच वर्षी मी एकदा घाईत परत न देता उठलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनावलं: "दो डिट न मिलें तो फौजी सेट बंद नहीं करता. कल शाम तक बैठा था." मला हसू आलं होतं. पण त्यानंतर कधी चुकलो नाही.

आता आठवडाभर ते देतात आणि थांबतात. मी इथं कानाला हेडफोन लावून बघत बसतो.

३ मे, शुक्रवार

मोर्सलाही अक्षर असतं. पाच मिनिटं ऐकलं की मी सांगतो, कारंज्याचा तारबाबू आहे की रिसोडचा. गोविंदसिंगांचं अक्षर तर मोत्याचं. आणि हल्ली ते बिघडलंय. 'ह' च्या चार टिंबांच्या जागी 'स' ची तीनच येतात. 'हवा' पाठवतात, माझ्याकडे 'सवा' उतरते. रेघ नको तेवढी लांबते. मधे थांबतात, एवढे थांबतात की मला वाटतं गेले, आणि मग पुढचं अक्षर येतं.

की खराब झालीय. स्प्रिंग ढिली पडली असेल, नाही तर कॉन्टॅक्टवर काजळी धरली असेल. जंगलातल्या दमट हवेत होतंच.

आज विमल चहा घेऊन आली. हेडफोन टेबलावर पडलेला होता, त्यातून बारीक आवाज येत होता. तिला मोर्सचं टिंब कळत नाही. थोडा वेळ उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "हा मानूस दमून राह्यला."

म्हटलं, "माणूस नाही, की दमली. यंत्रातलं तुला काय कळतं?"

"यंत्राचं कोन सांगून राह्यलं? मी मानसाचं सांगतो."

७ मे, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमा. विहारात पंचशील झालं, इंझोरीहून थोरला भाऊ आला होता, खीर खाऊन गेला. सकाळी वंदनेला जायच्या गडबडीत अर्धाच तास ऐकलं. गोविंदसिंग पावणेसातचे सात वाजून दहाला आले. फौजी माणूस, चार वर्षांत पाच मिनिटं उशीर नाही.

उद्यापासून रेल्वेचा संप. सगळ्या तारा आमच्यावर कोसळणार. रजा बंद, असा हुकूम आलाय.

१० मे, शुक्रवार

गाड्या बंद. पार्सल बंद. आज दोनशे तारा हातून गेल्या. सगळ्यांचं सगळ्यांना पोचवलं.

१३ मे, सोमवार

रऊफच्या डोक्यात आज एक चक्र फिरलं. ८०७ तर लाऊडस्पीकरच्या अँप्लिफायरमधेही असतात! गावात लग्नाचे लाऊडस्पीकर भाड्यानं देणारे एकच, सैफुद्दीन. त्यांच्या मोठ्या मशीनमधे चार आहेत.

दोघं गेलो. सैफुद्दीन मशीनसमोर आडवे पडून तारा जोडत होते. उठले नाहीत. "लग्नसराई हाय भाऊ. मे महिन्यात माझी एक दुपार रिकामी नाई, अन् तुमी मशीनचं काळीज मागून राह्यले?"

"एकच पाहिजे," रऊफ म्हणाला, "तासभरासाठी."

"काहून पन? कोनाशी बोलाचं हाय एवढं?"

मी सांगितलं, मेळघाटात एक म्हातारा आहे, रोज मला बोलावतो. उत्तर देता येत नाही. वीस दिवस झाले.

सैफुद्दीन उठून बसले. "तुमचा कोन लागते?"

"कोणी नाही."

त्यांनी डायरी काढली, पानं उलटली. "जुमेरातला वरात नवाला हाय. साताच्या आत घ्या, आठाच्या आत आनून द्या. फुटला तं नवरदेवाले तुमीच गाऊन दाखवा."

१६ मे, गुरुवार

आज बोललो!

रऊफ सहालाच व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून घेऊन आला. बसवला, पेटला, प्लेट शांत राहिली. एरियल तीनदा बाहेर जाऊन पाहिली. पावणेसातला मीच बोलावलं.

बराच वेळ काही नाही. मग आले. फक्त माझं नाव. देवमन. देवमन. देवमन. तीनदा. 'न' ची रेघ लांबच लांब. मला हसू आलं.

काय काय सांगायचं ठरवलं होतं. पण व्हॉल्व्ह जुना, रऊफ घड्याळ दाखवत होता, म्हणून मुद्द्याचं आधी घेतलं. पार्सल संपात अडकलंय. प्राध्यापक कोकणात. आणि मग त्यांच्या कीचं सविस्तर सांगितलं: टिंबं गळताहेत, चाराची तीन होतात, कॉन्टॅक्ट रॉकेलनं धुवा, बारीक पॉलिश पेपर मारा, स्प्रिंग आवळा, तुमचं अक्षर असं कधी नव्हतं. ह्यातच दहा मिनिटं गेली. पण कोणीतरी सांगायला हवंच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही बरं वाटलं असतं.

त्यांचं उत्तर एवढंच: "ओके. साफ करूंगा. माफी." ह्या चार शब्दांना चार मिनिटं लागली.

तेवढ्यात दारात सैफुद्दीनची हाक. "भाऊ, वरात आठालाच निघून राह्यली! नवरदेव घोड्यावर बसला!" रऊफनं ट्रान्समीटरचं मेन बंद केलं, तापलेला व्हॉल्व्ह फडक्यानं उपसला आणि पळाला. मी सॉकेटकडे बघत होतो. हेडफोनमधे गोविंदसिंगांची दोन टिंबं आली. मला परत करता आली नाहीत.

तरी आज बरं वाटतंय. की साफ झाली की सगळं सुरळीत होईल.

१९ मे, रविवार

काल देशानं जमिनीखाली अणुस्फोट केला. दिवसभर पोस्टात पेढे आणि अभिनंदनाच्या तारा. अणू फोडता आला, पण मंगरूळपीरच्या देवमन खंडारेला एक ८०७ मिळत नाही. सैफुद्दीनचा आता जूनपर्यंत विषय नाही. त्यांचा एक व्हॉल्व्ह वरातीतच जळाला. मी चालवून दिलेला तोच की दुसरा, हे विचारायची हिंमत झाली नाही.

गोविंदसिंगांनी की साफ केलेली दिसत नाही. उलट जास्तच बिघाड. आज एक वाक्य पुरं आलं नाही. "हवा" सुरू केलं, अर्ध्यावर सोडलं, पुन्हा "हवा". मला राग आला. सांगून ऐकत नसेल तर काय करायचं? मेळघाटात मोहाची काही कमी नाही, आणि एकटा माणूस. सकाळी सातलाच घेत असतील, असं माझ्या मनात आलं. विमलला तसं म्हणालोही.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेलेला मानूस भराभरा बोलते. असा थांबून थांबून नाई बोलत. तुमच्या बाबाले आठवा शेवटी."

बाबांना शेवटी दम लागत होता. त्याचा इथं काय संबंध?

२२ मे, बुधवार

आज फक्त दोन टिंबं. ना नाव, ना हवा, ना बॅटरी. पावणेसातला दोन टिंबं आणि त्यानंतर नुसती खरखर. आठपर्यंत बसलो.

२३ मे, गुरुवार

काही नाही.

२६ मे, रविवार

काही नाही. रागावले असतील. सगळ्या फौजेला मोर्स शिकवलेल्या माणसाला मी की साफ करायला शिकवली. माफीचं कार्ड लिहायला बसलो, दोनदा फाडलं. माफी कशाची मागायची तेच नीट सुचेना. खरं बोललो होतो, एवढंच. शेवटी टाकलंच नाही.

२८ मे, मंगळवार

संप मिटला. पार्सल येऊ लागतील. रऊफ म्हणतो, "पयलं पार्सल तुमचंच." रेडिओवर गोविंदसिंगांची जागा मात्र मुकी.

३ जून, सोमवार

मुंबईहून पार्सल नाही, पत्र आलं. ८०७ चा माल संपला, क्षमस्व, पुढील खेप अनिश्चित. पत्रावर तारीख २ मे. म्हणजे माल नव्हताच. महिनाभर मी न निघालेल्या पार्सलाची वाट बघत होतो आणि संपाला शिव्या देत होतो.

आज काहीही करावंसं वाटत नाही. सगळा तालुका माझ्या हातून बोलतो आणि मला एका माणसाला दोन टिंबं देता येत नाहीत.

१० जून, सोमवार

दुपारी पोस्टमननं टेबलावर एक पार्सल आणून ठेवलं. कापडात शिवलेलं, धारणीचा शिक्का. आत बिडीच्या पानांच्या करंड्यात कापूस, कापसात एक ८०७. वापरलेला, काचेवर जुनी काळी झाक, पण तार शाबूत. आणि वहीच्या कागदावर पत्र. इथं उतरवून ठेवतो, कारण मूळ कागद पुन्हा उघडवणार नाही.

"रा. रा. देवमनबाबू यांस. मी इथल्या प्राथमिक शाळेचा गुरुजी, गोपीचंद. फौजी बाबांच्या शेजारी राहतो. बाबांचा उजवा हात व पाय एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अर्धांगवायूच्या झटक्यानं गेला. धारणीच्या दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकेनात, सकाळी सेटवर कोण बसेल म्हणत. मग ते डाव्या हातानं टिकटिक करू लागले. आपण किल्ली साफ करण्याविषयी कळवलं, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून रॉकेल व पॉलिश पेपर आणवून ती पट्टी दोनदा घासून घेतली. दुसऱ्या दिवशी मला विचारत होते, आता नीट जातंय का? मला त्यातलं काही कळत नाही, मी हो म्हणालो. २२ तारखेला दुसरा झटका आला. आता डावा हातही उचलत नाही व त्यांचं बोलणं आम्हाला समजत नाही. ऐकू मात्र स्वच्छ येतं. मशीनमधला हा दिवा काढून आपणास पाठवावा, असं त्यांनी डोळ्यांनी व खुणेनं मला दोन दिवस खपून समजावलं. त्यांना आता तो लागणार नाही. एक अडचण आहे. ऐकण्याचा रेडिओ ते बंद करू देत नाहीत. बंद करायला गेलं की डोळ्यांत पाणी आणतात. दिवसरात्र चालू असतो. दर तिसऱ्या दिवशी मी बॅटरी सायकलीला बांधून चक्कीवर नेतो. कारण समजत नाही. आपणास माहीत असल्यास कळवावं."

कारण मला माहीत आहे.

१६ मेपासून तो म्हातारा सेट बंद न करता पडून आहे. मी उत्तर दिलं नाही म्हणून. आणि मला मिळालेल्या दहा मिनिटांत मी त्याला रॉकेल सांगितलं. कसे आहात, एवढं विचारलं नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं अक्षर ओळखण्याची मला घमेंड होती, आणि जे विमलला चहाचा कप हातात धरून कळलं ते मला कळलं नाही.

पोस्टमास्तरांकडे रजा मागितली. बदली तारबाबू आल्याशिवाय नाही, म्हणाले. कधी येईल? तर म्हणे, वरिष्ठांना लिहिलंय.

घरी विमलला पत्र वाचून दाखवलं. अर्ध्यावर मी कागद तिच्याकडे दिला, शेवट तिनंच जुळवून वाचला. मी तिला म्हणालो, "तू सांगितलं होतंस." तिनं डोळे पुसून करंडा उचलून फळीवर ठेवला.

११ जून, मंगळवार

पहाटेच एरियल खाली घेऊन सगळे सांधे तपासले. व्हॉल्व्ह बसवला. साडेसहाला पेटला.

पावणेसातला बोलावलं. त्यांना जशी लय आवडते तशी, सावकाश. उत्तर येणार नव्हतं, त्यामुळे कुठं थांबायचं कळत नव्हतं. नेहमी ते जिथं बोलायचे तिथं तेवढा वेळ थांबलो.

सांगितलं: दिवा पोचला. तुमच्याच दिव्यानं बोलतो आहे. की बरोबर होती. चूक माझी. रजा मिळाली की येतो. हवा इथं ढगाळ. गुरुजींना माझा नमस्कार. आणि मग त्यांचं नाव पाठवलं. गोविंदसिंग. गोविंदसिंग. गोविंदसिंग. तीनदा.

मग दोन टिंबं दिली. सव्वीस दिवसांची बाकी राहिलेली. आता त्यांना सेट बंद करता येईल.

की सोडून बसून राहिलो. हेडफोनमधे खरखर. विमल कधी येऊन शेजारी स्टुलावर बसली होती.

"झालं न बोलून?"

"झालं."

"मंग आता काहून बसले?"

"त्यांची दोन यायची आहेत."

"अवो, त्याईच्या मशीनचा दिवा तं तुमच्यापाशी हाय."

"माहीत आहे."

तिनं साडेनवाला डबा आणून हातात दिला. सेट तसाच चालू ठेवून मी ऑफिसला गेलो.